तोचिदाइराची उभी पॅनलं

नागाओकाच्या त्या कंपनीत काझामा मोतोकोला सगळे ‘फेब्रुवारीबाई’ म्हणत. सोलरची कामं आखणारे बाकीचे लोक काम उभं राहिलं की मे महिन्यात फोटो काढायला जायचे. निळं आकाश, हिरवी भातखाचरं, चकचकीत काचा. ही मात्र फेब्रुवारीत जायची. कमरेपर्यंत बर्फात रुतत पुढे सरकायची आणि कागदावर लिहिलेल्यातलं प्रत्यक्षात किती उतरलंय ते उभी राहून बघायची. बहुतेक ठिकाणी निम्मंही उतरलेलं नसायचं. कुठे खाली सरकणाऱ्या बर्फानं चौकट उचकटलेली, कुठे देवदारांची सावली दुपारी दोनलाच काचेवर येऊन बसलेली. कुठे रांगेतलं एकच पॅनल झाकलेलं असायचं आणि त्याच्यापायी अख्खी रांग मेलेली. ती सगळं टिपून आणायची, साहेबांच्या टेबलावर ठेवायची. साहेब म्हणायचे, “छान. पुढच्या वेळी लक्षात ठेवू.” पुढच्या वेळी कोणाच्या लक्षात राहायचं नाही.

तिचे वडील वीज कंपनीत लाइनमन होते. हिमवादळात तार तुटली की रात्र-दिवस न बघता खांबावर चढणारा माणूस. “कागदावर तार कधी तुटत नाही,” ते म्हणायचे. बापाचे रुंद खांदे तिला मिळाले होते, आणि छापील आकड्यावर विश्वास न ठेवण्याची खोडही. लग्न झालं होतं, चार वर्षं टिकलं. नवरा तोक्योचा, पहिल्या हिवाळ्यातच तो म्हणाला होता, इथे माणसं राहतात की बर्फ उपसायला जन्माला येतात? तो परत गेला. ही राहिली.

तोचिदाइराचं काम तिच्याकडे आलं तेव्हा ती एक्कावन्न वर्षांची होती. दरीच्या टोकाला अकरा घरांची वस्ती. एकच रस्ता, एकच विजेची तार, आणि दोन्ही हिवाळ्यात एकदा तरी बंद पडणार हे ठरलेलं. वस्तीच्या सभागृहावर सोलर बसवायचं, जोडीला मोठी बॅटरी ठेवायची, म्हणजे संकटात सगळ्यांना तिथे आसरा घेता येईल, असं खालच्या नगरकचेरीनं ठरवलं होतं. काम बघणारा अधिकारी मिकामी, चाळिशीच्या आतला, अतिशय नम्र माणूस.

मोतोकोनं आराखडा नेऊन त्याच्यासमोर पसरला. पॅनलं छपरावर नव्हतीच. सभागृहाच्या दक्षिणेला चार मीटर उंच खांब, आणि त्यांवर पॅनलांची सरळ उभी भिंत.

मिकामीनं कागद फिरवून पाहिला. “काझामा-सान, हे असं उभं का केलंत?”

“बर्फ टिकू नये म्हणून. शिवाय खालच्या बर्फावरून उजेड उसळतो, तोही मिळतो. ही पॅनलं दोन्ही बाजूंनी ऊन घेतात.”

“पण वर्षाची वीज पाऊणच भरतेय. छपरावर टाकली तर पूर्ण भरेल.”

“छपरावर टाकली तर मे महिन्यात भरपूर मिळेल. मे महिन्यात तिथे लाइट जात नाही.”

मिकामी कसनुसा हसला. “तुमचं खरं आहे हो. पण फॉर्मवर महिन्याचा रकानाच नाहीये. वर्षाचाच आहे. वर्षाचा आकडा कमी आला की वरचे लोक फाइल परत पाठवतात. त्यात हे चार मीटरचे खांब, म्हणजे पायाची वेगळी परवानगी. मुदत पंधरा दिवसांवर आलीय. नाही झालं तर तोचिदाइराला काही मिळणार नाही. काहीच नाही.”

मोतोको दोन दिवस भांडली. तिसऱ्या दिवशी तिनं नवा आराखडा काढला. पॅनलं छपरावर, उतार फक्त वीस अंश. खाली एक ओळ लिहिली: ‘हिवाळ्यात छपरावरचा बर्फ दर दोन दिवसांनी काढणे आवश्यक.’ आणि आपला शिक्का उठवला. तोचिदाइरातल्या माणसांचं सरासरी वय शहात्तर आहे हे तिला ठाऊक होतं. ती ओळ लिहिताना आपला हात अडखळला नाही, हेच तिला पुढे जन्मभर सलत राहिलं.

पहिले दोन हिवाळे सौम्य गेले. वर्षाचा आकडा उत्तम आला, नगरकचेरीच्या मासिकात फोटोसकट छापूनही आला. उन्हाळी जत्रेला बिअरचा फ्रीज सोलरवर चालला. वस्तीचा मुखिया निशिकाता मोतोकोच्या पेल्यात बिअर ओतत म्हणाला, “काझामा-सान, तुमची वीज थंडगार आहे बघा!” सगळे हसले, मोतोकोही हसली.

तिसऱ्या हिवाळ्यात, जानेवारीच्या मध्याला, पडायला लागलेला बर्फ थांबेचना. दुसऱ्या दिवशी सकाळी तार तुटली, आणि दुपारी पुलापलीकडे कडा कोसळून रस्ता गेला.

वस्तीत ओनोझुका यासाकु आणि त्याची बायको सुमी राहायचे. सुमी एकोणऐंशीची. तिची फुप्फुसं निकामी होत आली होती. नाकाला नळी आणि शेजारी विजेवर चालणारं ऑक्सिजनचं मशीन, त्यावर तिचे दिवस चालले होते. लाइट गेली तर म्हणून ऑक्सिजनची दोन नळकांडी घरात होती. त्यातलं पहिलं संपत आलं तसं वस्तीतल्या चार म्हाताऱ्यांनी तिला घोंगड्यांत गुंडाळून घसरगाडीवर घातलं आणि सभागृहात आणलं. बॅटरी होतीच ना तिथे.

पण बॅटरी अर्धीसुद्धा भरलेली नव्हती. नियमाप्रमाणे ती फक्त उन्हावरच भरायची होती, आणि छपरावर आधीचा धरून पंधरा दिवसांचा बर्फ बसलेला होता.

तार तुटल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी निशिकाताचा फोन आला. “काझामा-सान, तोचिदाइराहून बोलतोय. बॅटरी एकतीसवर आलीय. छपरावर दीड मीटर आहे.”

“हीटर बंद करा. सगळे दिवे बंद. फक्त सुमी-सानचं मशीन चालू ठेवा.”

“हीटर कालच बंद केला. रॉकेलची शेगडी आहे, पण तिच्या नळीजवळ जाळ नको म्हणून लांब कोपऱ्यात ठेवलीय. पोरी, आकडा तरीसुद्धा उतरतोय.”

का उतरतोय हे मोतोकोला माहीत होतं. सुमीच्या मशीनला वीज अगदी थोडी लागत होती. पण इन्व्हर्टर मोठा होता, सबंध सभागृहासाठी निवडलेला, आणि नुसतं जागं राहायलाच तो जवळजवळ तेवढीच वीज गिळत होता. आराखड्यात हा खर्च कुठे लिहायची रीत नाही.

“छपरावर कोणी चढू शकेल?”

निशिकाता म्हणाला, “यासाकु चढलाय. उजाडल्यापासून वरच आहे. ब्याऐंशी वर्षांचा माणूस, कंबरेला दोर बांधलाय. ओरडून ओरडून घसा बसला माझा, उतरत नाही. चार पॅनलं उघडी केलीत त्यानं. आता वीज येईल ना थोडी?”

मोतोको गाडीत बसलेली होती. दरीच्या तोंडाशी, जिथे रस्ता अडवला होता तिथे, पहाटेपासून. पुढच्या काचेवरचा बर्फ पुसायचंही तिनं सोडून दिलं होतं. बारा पॅनलांची एक रांग. बाराच्या बारा उघडी झाल्याशिवाय ती रांग इन्व्हर्टर जागा ठेवण्याएवढीसुद्धा वीज देणार नव्हती. आणि चार उघडी करेपर्यंत पहिल्यावर पुन्हा वीतभर साचलेला असणार.

“निशिकाता-सान,” ती म्हणाली, “त्यांना खाली उतरवा.”

“काय?”

“उपयोग नाही. चारानं काही होत नाही. पडतील ते. उतरवा त्यांना.”

“हे मी त्याला कसं सांगू?”

“मी सांगितलं म्हणून सांगा.”

हेलिकॉप्टर त्या दिवशी उडालं नाही. दुसरं नळकांडं संध्याकाळपर्यंत पुरवून पुरवून वापरलं. तिसऱ्या दिवशी सकाळी सातच्या सुमाराला बॅटरी तळाला जाऊन आपोआप बंद पडली. नऊ वाजता निशिकाताचा फोन आला. तो एवढंच म्हणाला, “गेली.”

दुपारी बर्फ थांबला आणि लख्ख ऊन पडलं. छपरावरची पॅनलं त्या उन्हात तशीच बर्फाखाली पडून होती.

चौकशी झाली. अहवालात ‘असाधारण हिमवृष्टी’ लिहिलं गेलं. आराखड्यात बर्फ काढण्याची सूचना स्पष्ट होती, तेव्हा आखणाऱ्याचा दोष नाही, असंही लिहिलं. मोतोकोला कोणी एक शब्द बोललं नाही. मार्चमध्ये रस्ता उघडल्यावर ती उदबत्त्या घेऊन यासाकुकडे गेली. सुमीच्या फोटोसमोर हात जोडले. यासाकुनं कोतात्सुची, म्हणजे खाली शेगडी असलेल्या बैठ्या मेजाची, रजई वर करून तिला पाय आत घ्यायला सांगितलं, चहा ओतला, मुळ्याच्या लोणच्याची बशी पुढे सरकवली.

“आजोबा, मी माफी मागायला आलेय.”

“कशाची?”

“ती पॅनलं उभी बसवायला हवी होती. मला माहीत होतं.”

यासाकु कुडुमकुडुम लोणचं चावत राहिला. “माहीत होतं?”

“हो.”

“मग शिक्का कशाला मारलास?”

“नाहीतर तुम्हाला काहीच मिळालं नसतं.”

“मग मिळालं काय?”

म्हाताऱ्यानं तिच्या पेल्यात पुन्हा चहा ओतला. त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

“चार केली होती मी,” तो म्हणाला. “आठ राहिली होती. तू खाली बोलावलंस. जमली असती की नसती, कोण जाणे. पण माणूस वर असतो ना, तोवर करत असतो. खाली आल्यावर मी तिच्याजवळ बसलो, आणि ती मला विचारत होती, झालं का काम? तिला काय सांगायचं, हे नाही तू सांगितलंस.”

मोतोको उठली तेव्हा तिच्या पायांना मुंग्या आल्या होत्या. दारापर्यंत ती भिंत धरून गेली.

त्याच वसंतात तिनं नोकरी सोडली. तोचिदाइरात उभी पॅनलं बसवायचीच, एवढं एकच तिनं धरलं. का, असं मिकामीनं विचारलं तेव्हा तिला धड सांगता आलं नाही. मिकामीनं ‘प्रायोगिक, स्वतःच्या जबाबदारीवर’ असा शेरा मारून परवानगी मिळवून दिली. तेवढं त्यानं मनापासून केलं. खालच्या खोऱ्यात एक सोलर प्रकल्प बर्फानं मोडून पडला होता, तिथली शाबूत पॅनलं ती एकेक करून तपासून घेऊन आली. खांबांचे पाय बर्फाच्या रेट्याखाली वाकू नयेत म्हणून दीड मीटर खोल रोवले. इन्व्हर्टर लहान घेतला, जागं राहायला जेमतेम एका दिव्याएवढी वीज खाणारा. गारठलेली बॅटरी वीज घेत नाही, म्हणून तिच्यासाठी सभागृहाच्या पोटात एक खोली केली आणि तिच्या भिंतींत भाताचं तूस ठासून भरलं. आणि ही बॅटरी उन्हावर, तारेवर, जे मिळेल त्यावर भरायची होती.

हे व्हायला तीन वर्षं लागली. पहिल्या वर्षी यासाकु लांबून बघायचा आणि निघून जायचा. दुसऱ्या वर्षी डिसेंबरात, सूर्य सगळ्यात खाली असतो त्या दिवसांत, ती दोरी लावून सावल्या मोजत होती तेव्हा तो येऊन शेजारी उभा राहिला.

“माझे देवदार आड येतात का?”

“येतात. दुपारचे दोन तास जातात.”

“किती झाडं?”

“तेवीस.”

“आज्यानं लावलेली आहेत,” यासाकु म्हणाला. आणि वसंतात माणसं लावून त्यानं तेवीसच्या तेवीस पाडून घेतली. लाकूड कोणी घ्यायला आलं नाही. ओंडके तिथेच उतारावर पडून राहिले.

एकीकडे वस्ती गळत होती. सुमी गेली त्या वर्षी चार घरांनी कुलूप लावलं. पुढच्या वर्षी आणखी दोन, त्याच्या पुढच्या वर्षी तेवढीच. एकीचा मुलगा साइतामाहून येऊन आईला घेऊन गेला, एक जण दवाखान्यातून परतलाच नाही. पॅनलांची भिंत उभी राहिली तेव्हा तीन घरांतून धूर निघत होता.

भिंत मात्र चालली. पहिल्या जानेवारीत, रात्रभर पडून गेल्यावर उघडलेल्या एका सकाळी अकरा वाजता मोतोकोनं आकडा पाहिला आणि डोळे पुसून पुन्हा पाहिला. पॅनलांवर कणभर बर्फ नव्हता. समोरच्या पांढऱ्या उतारावरून उजेड उसळून काचांवर येत होता. तीस वर्षांत पहिल्यांदा खरा आकडा तिच्या कागदापेक्षा मोठा होता. सांगायला जवळपास कोणी नव्हतं. दारासमोरचा बर्फ उपसणाऱ्या यासाकुला ती ओरडून म्हणाली, “आजोबा! कागदापेक्षा जास्त येतेय!”

“मग फाड की तो कागद!” तो फावडं न थांबवता म्हणाला.

पुढच्या हिवाळ्यात तार पाच दिवस तुटलेली होती. तसा अंदाज आला तशी मोतोको आधीच वर येऊन राहिली होती. तिसरं घर तोवर बंद झालं होतं. सभागृहात तिघं होते: ती, यासाकु, निशिकाता. बाहेर छातीएवढा बर्फ आणि आत ऊब. इस्त्री केलेल्या पडद्यांवर दिव्यांचा पिवळा उजेड. विजेच्या कुकरात भात शिजत होता, निशिकातानं मिसोचं सार केलं, खारवलेला मासा भाजला. पाच दिवसांत बॅटरी एकदाही सत्तरच्या खाली गेली नाही.

साठ माणसं बसतील अशा त्या दालनात तिघं एका कोपऱ्यात जेवायला बसले.

“केवढी वीज आहे ही,” यासाकु वर बघत म्हणाला.

“अकराही घरांना पुरेल एवढी,” मोतोको म्हणाली.

“मग आण अकरा घरं.”

निशिकाता हसायला लागला आणि हसता हसता मध्येच साराचे वाडगे भरायला उठला. मग तिघांनी सार प्यायलं.

त्या वर्षी सप्टेंबरात मिकामी स्वतः वर आला. टोपी हातात घेऊन त्यानं सांगितलं, की पुलापलीकडचा रस्ता हिवाळ्यात साफ करणं नगरकचेरीला यापुढे जमणार नाही. दोन माणसांसाठी तीन यंत्रं पाठवता येत नाहीत. त्याचं चुकत होतं असं कोणालाच म्हणता आलं नाही. निशिकाता मुलीकडे गेला. यासाकुला गावातल्या वृद्धाश्रमात खोली मिळाली.

मोतोको दोन हिवाळ्यांचे आकडे घेऊन आजूबाजूच्या तीन नगरकचेऱ्यांत फिरली. महिन्यामहिन्याचं, तासातासाचं, सगळं मांडून. लोकांनी आदरानं ऐकलं, चहा दिला. “फारच सुंदर काम आहे,” एक जण म्हणाला. “वर्षाचा एकूण आकडा किती होतो?” दुसऱ्यानं कळकळीनं सांगितलं, की अशी भिंत लागेल अशा वरच्या वस्त्या आता उरल्याच नाहीत, होत्या त्या सगळ्या पाच-सहा वर्षांत रिकाम्या होतील. खालच्या खोऱ्यात नवं सभागृह होत होतं, त्याच्या छपराचं काम तिला देऊ केलं. छप्पर वीस अंशांचं होतं. तिनं नाही म्हटलं. दुसऱ्या कोणीतरी ते केलं. पुढच्या हिवाळ्यात ती तिथून गाडीनं गेली तेव्हा ते छप्पर तिनं लांबून पाहिलं. पांढरं होतं. तिनं गाडी थांबवली नाही.

पोटापाण्यासाठी ती आता एका विमा कंपनीला बर्फानं मोडलेल्या पॅनलांचे अहवाल लिहून देते. काय मोडलं, कुठे मोडलं. का मोडलं हा प्रश्न त्या अहवालात नसतो. गुडघे दुखतात.

तोचिदाइराचं सभागृह पाडायचं ठरलं, तेव्हा भिंत उतरवायला तिलाच बोलावलं. ऑगस्ट महिना होता, पितरांचे दिवस. गवत छातीपर्यंत वाढलेलं, रानडुकरांनी सगळा उतार उकरून ठेवलेला. दोन कामगार पॅनलं सोडवत होते. त्यातला एक म्हणाला, “मावशी, चांगली आहेत की अजून! काढताय कशाला?” मोतोको आत गेली. बॅटरी शंभरवर होती; कित्येक महिने शंभरवरच असणार. तिनं मुख्य खटका खाली ओढला.

बाहेर आली तर आश्रमाची गाडी उभी होती. सुमीच्या थडग्याला पाणी घालायला यासाकुला वर आणलं होतं, पण गवतातून तिथवर त्याला नेता येईना. सेविकेनं एकटीनंच जाऊन फुलं ठेवली. तो मागच्या आसनावर बसून होता, खूप वाळला होता. मोतोकोनं खिडकीशी वाकून हाक मारली. त्यानं ओळखलं की नाही ते तिला कळलं नाही. तो उतरवलेल्या पॅनलांच्या चळतीकडे बघत होता.

“ही अजून किती दिवस चालली असती?”

“वीस वर्षं तरी, आजोबा.”

त्यानं मान हलवली. मग म्हणाला, “काच वर कर. गोमाश्या येतायत आत.”